रिंगणात फ्रीज

विक्का या पाश्चात्त्य चेटूकधर्माच्या विधीसाठी आखायचं नऊ फुटांचं रिंगण आमच्या खोलीत मावत नाही, हे पहिल्याच रात्री कळलं. माहीमच्या जुन्या इमारतीतली आमची बाहेरची खोली दहा बाय बारा. त्यात दिवाण, लोखंडी कपाट, आईचं शिलाई मशीन आणि स्वयंपाकघरात जागा नाही म्हणून बाहेर येऊन बसलेला फ्रीज. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मी साडेचार फुटांची सुतळी कापली, एक टोक आईला अंगठ्याखाली धरायला लावलं आणि दुसऱ्या टोकाला खडू बांधून वाकून फिरायला लागले. खडू दिवाणाच्या पायाला अडला, वळसा घालून पुढे गेला आणि फ्रीजच्या पोटाखाली नाहीसा झाला.

"एवढं वाकायचं तर रांगोळी तरी काढ," आई म्हणाली.

फ्रीज आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा, यावर मी बराच विचार केला आणि आत घेतला. चुकलंच ते.

सुरुवात झाली हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर. माझं ऑफिस फोर्टात, विम्याचं. जेवणाच्या सुट्टीत जुनी पुस्तकं उलटीपालटी करायची सवय. तिथे ८० रुपयांना एक अमेरिकन पुस्तक हाताला लागलं. गुरू नाही, गट नाही, घरबसल्या एकट्यानं विक्का शिकायचाय अशा माणसासाठी लिहिलेलं. मला चेटूकबिटूक शिकायचं नव्हतं. मला तेव्हा रात्री झोप लागत नव्हती आणि त्या पुस्तकात चंद्राबद्दल पुष्कळ होतं, एवढंच.

विक्का म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण विषय काढला की समोरचा एकतर हसतो नाहीतर खुर्ची मागे सरकवतो. हा एक नवा धर्म आहे, जुन्याचे कपडे घातलेला. जेराल्ड गार्डनर नावाचा इंग्रज गृहस्थ, जन्म १८८४. तरुणपणी सिलोनात चहाच्या मळ्यावर होता, मग मलायात कस्टम खात्यात. निवृत्त होऊन मायदेशी परतला. १९३९ साली न्यू फॉरेस्ट भागात चेटकिणींच्या एका गुप्त गटानं आपल्याला दीक्षा दिली, असं तो सांगायचा. १९५४ मध्ये त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. डोरीन व्हॅलिएंटे या त्याच्या शिष्येनं पुढे विधींची भाषा सुधारली, आणि आज जगभर म्हटले जातात त्यातले कितीतरी उतारे तिच्या हातचे आहेत. एक देवी, एक शिंगांचा देव, चंद्राच्या कला आणि वर्षाचे आठ सण. सैतानाचा इथे काही संबंध नाही. तो ख्रिस्ती धर्मातला, आणि हे लोक त्याला मानतच नाहीत. नियम म्हणावा तर एकच: कोणाचं वाईट होत नसेल, तर हवं ते कर. जोडीला एक धाकही आहे, की जे पाठवाल ते तिप्पट होऊन परत येतं.

मला पुस्तकातली आणखी एक गोष्ट पटली. दीक्षेआधी एक वर्ष आणि एक दिवस नुसतं शिकायचं. बँकेत मुदत ठेव ठेवावी तसं. मी ३१ ऑक्टोबरला सुरुवात केली, कारण विक्काचं वर्ष त्याच दिवशी उजाडतं. त्या सणाचं नाव साउइन. इंग्रजीत लिहितात ते वाचून मी तीन महिने 'सॅमहेन' म्हणत होते. त्या रात्री मेलेल्यांसाठी एक जादा पान वाढतात आणि न बोलता जेवतात. मी बाबांचं ताट वाढलं. आई बघत राहिली.

"पितृपंधरवडा होऊन गेला की. आत्ताच पोचवलं त्यांना. परत कशाला बोलावतेस?"

याला पुस्तकात उत्तर नव्हतं. न बोलता जेवणं तर आमच्या घरात कुणालाच जमलेलं नाही, बाबा असतानाही नाही.

रिंगण आखलं की चार दिशांना हाक द्यायची. पूर्व वाऱ्याची, दक्षिण अग्नीची, पश्चिम पाण्याची, उत्तर पृथ्वीची. मी वहीत बघून म्हणत होते तर आईनं मशीनवरूनच दुरुस्ती केली. "अग्नीची दिशा आग्नेय आणि वायूची वायव्य. नावातच आहे. शाळेत काय शिकलात?" पश्चिमेबद्दल मात्र तिची तक्रार नव्हती. पश्चिम वरुणाची, आणि आमच्या गॅलरीतून पश्चिमेला चार इमारतींच्या फटीतून बोटभर समुद्र दिसतोच. इंग्लंडात बसून पश्चिम पाण्याला देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अटलांटिक असेल, माझ्यासमोर अरबी समुद्र. एवढ्या एका दिशेपुरतं तरी मला भाषांतर करावं लागलं नाही.

मग फ्रीजचा प्रकार झाला. नियम असा की रिंगण बांधल्यावर ते मधूनच ओलांडायचं नाही. अगदीच गरज पडली तर हातानं हवेत दार कापायचं, बाहेर जायचं, परत येऊन दार बंद करायचं. त्या पहिल्या रात्री तासाभरात आईला विरजण ठेवायला दही लागलं, मग कोथिंबीर ठेवायची राहिली, मग औषधासाठी गार पाणी. तीन वेळा मी दार कापलं आणि शिवलं. तिसऱ्या वेळी ती हातात बाटली घेऊन रेघेबाहेर थांबली आणि म्हणाली, "येऊ का गं आत?" चेष्टा होती की खरंच विचारत होती, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सामानाचं सांगते, कारण नव्या माणसाचे पैसे तिथेच जातात. मूळ यादी छोटी आहे: काळ्या मुठीची दुधारी सुरी, तिचं नाव अथामी, एक छडी, एक पेला, चांदणी कोरलेली तबकडी, आणि स्वतःच्या हातानं लिहायची वही. अथामीनं काही कापायचं नसतं, तिनं नुसतं रिंगण आखायचं. गार्डनरनं मलायातल्या खंजिरांवर अभ्यास करून पुस्तक लिहिलं होतं, तेव्हा त्याच्या धर्मात सुरी असणारच. मी भाजीची सुरी घेतली तर आईनं काढून घेतली. मग बोटानंच भागवलं, आणि तेही चालतं. पेला चोर बाजारात मिळाला, पितळी, कानांचा. घरी आणून चिंचेनं घासला तर खाली अक्षरं उमटली: आंतरशालेय कॅरम, उपविजेता. छडीसाठी मे महिन्यापर्यंत थांबले. पावसाळ्याआधी पालिकेची माणसं झाडांच्या फांद्या छाटतात, तेव्हा कापड बाजाराच्या कोपऱ्यावरच्या ढिगातून भेंडीच्या झाडाची, भाजीतल्या भेंडीची नव्हे, एक सरळ फांदी उचलली. झाडाची परवानगी घेऊन फांदी तोडावी असं पुस्तक म्हणतं. इथे परवानगी पालिकेनंच देऊन टाकली होती.

गार्डनरच्या परंपरेत विधी विवस्त्र करतात. त्याला ते 'स्कायक्लॅड' म्हणतात, म्हणजे शब्दशः आपलं दिगंबर. आमची गॅलरी सामाईक आहे. पुढचं सांगत नाही.

मेणबत्त्या मी चर्चजवळच्या टपरीवरून घ्यायचे. माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला सगळ्या जातीधर्मांची रांग असते आणि बाहेर मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं, घरं विकायला असतात. ज्याचं जे दुखतं किंवा हवं असतं, त्याचा मेणाचा आकार वाहायचा. मी साधी पांढरी मागितली तर टपरीवरची आंटी म्हणाली, "घर पायजे का पोर पायजे गो?" मी म्हटलं, झोप. तिनं यादी आठवून पाहिली. झोपेचा साचा तिच्याकडे नव्हता. मग तिनं मेणाचं एक डोकं दिलं, वीस रुपये जास्त घेऊन. प्रतिमेला जे कराल ते मूळ वस्तूला पोचतं, या एका समजुतीवर युरोपातलं निम्मं चेटूक उभं आहे. ती मला पुस्तकाआधी माझ्याच रस्त्यावर वीस वर्षं दिसत होती.

मेणबत्तीचा प्रयोग नवशिक्याला पहिला देतात. मेणावर टाचणीनं इच्छा कोरायची, मधून टोकाकडे तेल चोळायचं, पेटवून ज्योतीकडे बघत बसायचं. शुक्ल पक्षात वाढायचं ते मागायचं, कृष्ण पक्षात घालवायचं ते. तिथी बघायला भिंतीवर कालनिर्णय होतंच. अडचण पंख्याची आली. पंखा चालू तर ज्योत विझते, पंखा बंद तर माझं मेण होतं. चौथ्या मिनिटाला मला इच्छा आठवेना. एकदा तेलाचा हात पडद्याला पुसला आणि पडद्याची कड ज्योतीवर आली. आईनं विरजणाचं भांडंच ओतलं. तेव्हापासून ताटात पाणी घालून मधे मेणबत्ती उभी करते आणि ती विझल्याशिवाय जागेवरून उठत नाही. नवीन कोणी शिकणार असेल तर त्यानं एवढं एक माझ्याकडून घ्यावं.

गुण आला का? ऑफिसातल्या बदलीसाठी मी दोन पौर्णिमा मेणबत्ती लावली आणि बदली झाली. पण आमच्याकडे बदल्यांची यादी दरवर्षी मे महिन्यात निघतेच, आणि माझा नंबर तीन वर्षांपासून लागलेला होता. झोप मात्र सुधारली. रोज रात्री वीस मिनिटं फोन बाजूला ठेवून एकाच ठिकाणी बघत बसलं तर कुणाचीही सुधारेल.

फेब्रुवारीत मी एक मूर्खपणा केला. उपनगरात एक दोन दिवसांचं शिबिर होतं, साडेसहा हजार रुपये. वातानुकूलित खोली, वीसेक बायका, प्रत्येकीसमोर गुलाबी दगड. शिकवणाऱ्या बाई अस्खलित इंग्रजीत बोलत होत्या. पहिल्या दिवशी खोलीभर पांढऱ्या सेजचा धूर केला. ती खरं तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची वनस्पती आणि त्यांचा विधी. विक्काचा तिच्याशी संबंध नाही, पण पुडी साडेचारशेला होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी माझा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, घरातल्याच कुणीतरी तुमच्यावर काहीतरी केलेलं आहे. उतरवायचे एकवीस हजार.

मी लोकलमध्ये बसून हसत आले आणि वांद्र्याला माझं हसू थांबलं. गावच्या भगताचं, नाक्यावरच्या बाबाचं आणि या बाईंचं वाक्य एकच. 'घरातल्याच कुणीतरी' यातली ती कुणीतरी नेहमी बाईच असते, आणि आमच्या घरात दुसरी बाई एकच आहे. परंपरेनं चालणाऱ्या विक्कन गटांमध्ये दीक्षेचे पैसे घेत नाहीत, हे मला नंतर वाचायला मिळालं. आधी वाचलं असतं तर एक मिक्सर आला असता.

त्या रागातून मी इतिहास वाचायला लागले आणि पहिल्या पुस्तकानं शिकवलेलं बरंच काही गळून पडलं. युरोपात नव्वद लाख चेटकिणी जाळल्या, असं त्यात होतं. इतिहासकारांचा अंदाज साधारण चाळीस ते साठ हजारांचा आहे. तोही अंगावर काटा आणणारा, पण आकडा आकडाच असावा. मेलेल्यांत पुरुषही होते, आणि इंग्लंडात तर त्यांना जाळत नसत, फाशी देत. त्या बायका जुन्या देवीच्या गुप्त पुजारिणी होत्या, हे मार्गारेट मरे या विदुषीनं १९२१ साली मांडलं. बाई इजिप्तच्या अभ्यासक, जन्म कलकत्त्याचा. गार्डनरनं तिच्या मांडणीवर इमारत उभी केली, आणि आज कुठलाच गंभीर इतिहासकार ती मांडणी मानत नाही. मेल्या त्यातल्या बहुतेक कुणाच्याच पुजारिणी नव्हत्या. साध्या ख्रिस्ती शेजारणी होत्या.

त्याहून मजेशीर भाग कायद्याचा निघाला. इंग्लंडचा १७३५ चा कायदा चेटकिणींना शिक्षा देत नव्हता. चेटूक अस्तित्वातच नाही असं धरून, ते येतं असं भासवणाऱ्याला तो एक वर्षापर्यंत तुरुंगात टाकत होता. १९४४ साली हेलन डंकन या मृतात्म्यांशी बोलते म्हणणाऱ्या बाईला त्याखाली नऊ महिने झाले. १९५१ मध्ये तो रद्द झाला आणि तीन वर्षांत गार्डनरचं पुस्तक आलं. आता आपल्याकडचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा बघा. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झटले, २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला, त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड. चमत्कारांचा दावा करून फसवणं, पैसे उकळणं हा त्यात गुन्हा आहे, आणि अमकी बाई करणी करते असं ठरवून तिला छळणं हाही. चंद्राकडे बघत मेणबत्ती लावणं त्यात कुठेच येत नाही. एकवीस हजार येतात.

हे सगळं मी उत्साहानं आईला सांगत होते. जुलैची रात्र, वीज गेलेली, माझीच मेणबत्ती कामाला आलेली. तिकडच्या बायका आता अभिमानानं स्वतःला चेटकीण म्हणवतात, शिवी होती तिचं बिरूद केलं, असं मी म्हणत होते. आई शेंगा निवडत होती. ती थांबली.

तिचं माहेर शहाद्याकडचं. तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबार. आजोबा तिथे प्राथमिक शिक्षक. "शाळेच्या वाटेवर एका म्हातारीचं खोपटं होतं," ती म्हणाली. "आम्हाला बोरं द्यायची. नवरा नव्हता, जमिनीचा तुकडा होता, दिराचा त्यावर डोळा. एका पावसाळ्यात पाड्यावर दोन पोरं तापानं गेली. भगतानं तांदूळ बघितले आणि हिचं नाव घेतलं. डाकीण. खरं-खोटं करायला उकळत्या तेलात हात घालायला लावला. हात भाजला म्हणजे डाकीणच, नाही का? कुणाचा भाजत नाही? बाबा फौजदाराला बोलवायला सायकलवर गेले. ते येईपर्यंत…" तिनं शेंग सोलली. "पुढे आम्ही त्या वाटेनं गेलो नाही. बोरं तशीच पडायची."

ही गोष्ट मी छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली. डाकीण, भुताळी, चेटकीण हे शब्द आपल्याकडे अजून चालू नोटा आहेत, कुठे ना कुठे रोज वटतात. चेटकीण ठरवून दिलेली इंग्लंडातली शेवटची फाशी तीनशेहून जास्त वर्षांपूर्वीची, म्हणून तिथे तो शब्द धुवून गळ्यात घालता येतो. माझ्या वहीत मी मोठ्या अक्षरात तो लिहून ठेवला होता, वर्षाच्या शेवटी म्हणायच्या वाक्यात.

सणांचं चक्र मी तरीही पुरं केलं, अडखळत. हिवाळ्यातला यूल मला कधीच कळला नाही. लंडनला २१ डिसेंबरच्या सुमारास दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, तेव्हा सूर्य परत यावा म्हणून आग पेटवणं समजतं. मुंबईत त्याच दिवशी अकरा तास ऊन असतं आणि माणसं सूर्याला जरा जा म्हणतात. एक मेला बेल्टेन, शेकोटीचा सण. तो मी गाळला. चैत्रात मात्र एक गंमत सापडली. तिकडच्या चेटकिणींची आवडती वनस्पती मगवर्ट, वंशाचं नाव आर्टेमिसिया, आर्टेमिस या चंद्राच्या देवीवरून. मुंबईत कुठे मिळणार, म्हणून सोडून दिली होती. दादरच्या फुलबाजारात ज्योतिबासाठी दवण्याच्या जुड्या आल्या आणि मग वाचलं की दवणा त्याच वंशातला, सख्खी बहीणच. दहा रुपये जुडी. उशीखाली ठेवून झोपले. मुंग्या आल्या.

आणि एक ऑगस्ट. विक्कात हा पहिल्या पिकाचा सण, नव्या गव्हाचा पाव भाजायचा. आपल्याकडे ऑगस्टात कसला आलाय गहू? पाऊस धो धो. पाव आणायला निघाले तर कोपऱ्यावर कोळणी नेहमीपेक्षा जोरात भांडत होत्या. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते हे मला माहीत होतं, पण दोन तारखा मी कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या. आमचं पहिलं पीक होडीतून येतं. पुढे आठवडाभरानं ताजे बोंबील आले, तेव्हा आईनं रव्यात घोळून तळले आणि मी कॅरमच्या उपविजेत्या पेल्यात सोलकढी घेऊन पश्चिमेला हाक दिली. वर्षभरातला तेवढा एक विधी मला मनापासून जमला.

एक नोव्हेंबरला वर्ष आणि एक दिवस झाला. रिंगण मी आता खडूनं काढत नाही, दिवाणाच्या कडेनं बोट फिरवते, फ्रीज धरून. चार दिशा झाल्या, अग्नी आईच्या म्हणण्याप्रमाणे आग्नेयेला. मेणबत्ती ताटातल्या पाण्यात. वही उघडली. शेवटच्या पानावर ते वाक्य होतं, मी स्वतःच भाषांतर केलेलं, 'आजपासून मी' इथून सुरू होणारं. देवीचं नाव घेतलं, चंद्राचं घेतलं. पुढचा शब्द तोंडात आला आणि बोरं दिसली. मी पेनानं तो खोडला आणि त्या जागी काय लिहावं याचा विचार करत बसले. मेणबत्ती अर्धी झाली तरी जागा कोरीच होती.

स्वयंपाकघराच्या दारात आई दुधाचं पातेलं घेऊन उभी होती, रेघ नसलेल्या रेघेच्या बरोब्बर बाहेर.

"झालं का गं तुझं? की दार कापतेस?"